संगणकाचा विमानप्रवास : फोम, बॅटरी आणि कागद

माल कसा हलतो ते नवी मुंबईच्या द्रोणागिरी नोडच्या रस्त्यांवर रोज दिसते. शेजारी २६ मे १९८९ रोजी सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर, रस्त्याच्या कडेला ट्रेलरच्या रांगा, मध्ये सीएफएसचे, म्हणजे कंटेनर हाताळणाऱ्या केंद्रांचे, डांबरी चौक आणि पत्र्याची गोदामे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी लोकल उरणपर्यंत पोचली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यात वर्षाला ५ लाख टन आणि पूर्ण झाल्यावर साडेबत्तीस लाख टन माल हाताळण्याची या विमानतळाची योजना आहे. समुद्राचा आणि आकाशाचा असे दोन्ही रस्ते एवढ्या जवळ असलेल्या वसाहती देशात फार नाहीत.

संगणकाच्या सामानाची वाटणी या दोन रस्त्यांवर आपोआप होते. रिकामी कॅबिनेट, कीबोर्ड, स्वस्त मॉनिटर असला गठ्ठ्याचा माल कंटेनरमधून येतो. महाग, नाजूक आणि लगेच हवे असलेले सामान विमानाने येते. पनवेलजवळच्या डेटा सेंटरसाठी येणारा सर्व्हर या दुसऱ्या गटातला. उलवे-द्रोणागिरीच्या इमारतीतून जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलाचा डेस्कटॉपही त्याच गटातला. एकाची किंमत कोटीत आणि दुसऱ्याची लाखात असली तरी दोघांना लागू होणारे पदार्थविज्ञान सारखेच आहे, आणि कायदेही बरेचसे तेच.

या विषयावरचा बहुतेक सल्ला बबल रॅपपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. खरे तर सामान सुखरूप पोचणार की नाही ते खोका आणण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. कोणती वस्तू हातात न्यायची, कोणती विमानाच्या पोटात टाकायची आणि कोणती न्यायचीच नाही, हा पहिला निर्णय. फोम, बॅटरीचे नियम आणि कागदपत्रे त्यानंतर येतात. हा आढावा याच क्रमाने घेतला आहे.

मोठ्या यंत्रांची वाट

भारतातला पहिला डिजिटल संगणक परदेशातूनच आला. १९५५ साली कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आलेले एचईसी-२एम हे ब्रिटिश यंत्र जहाजाने, पेट्यांमध्ये भरून आणले होते. १९६३ साली कानपूरच्या आयआयटीत बसवलेले आयबीएम १६२० मात्र खास ठरवलेल्या विमानाने उतरले. उलट दिशेचा प्रवास महाराष्ट्रातून झाला. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला आणि त्याची एक प्रत मॉस्कोच्या एका संशोधन संस्थेत बसवली गेली. तोवर यंत्रे परदेशातून इथे येत असत, ‘परम’ इथून परदेशी गेला.

ताजे उदाहरण द्रोणागिरीहून फार लांबचे नाही. पनवेलजवळ २०२० साली सुरू झालेल्या योट्टाच्या एनएम-१ या डेटा सेंटरसाठी मार्च २०२४ मध्ये एनव्हिडियाच्या एच-१०० प्रोसेसरची पहिली मोठी खेप आली, चार हजारांहून अधिक नगांची. असे आठ प्रोसेसर बसवलेले एनव्हिडियाचे डीजीएक्स एच-१०० हे तयार यंत्र सुमारे १३० किलोंचे असते आणि कारखान्याच्या पॅकिंगसह त्याचे वजन १७० किलोंवर जाते. म्हणजे १३० किलोंच्या यंत्राच्या रक्षणासाठी बनवणाऱ्याने ४० किलो पॅकिंग खर्ची घातले. त्याच प्रमाणात घरच्या १२ किलोंच्या डेस्कटॉपला पावणेचार किलो पॅकिंग हवे. आपण देतो एक जुनी चादर आणि दोन वर्तमानपत्रे.

विमानाने नेलेल्या नाजूक सामानाचा जगातला गाजलेला दाखला खगोलशास्त्रातला आहे. एप्रिल २०१७ मध्ये पृथ्वीवर विखुरलेल्या रेडिओ दुर्बिणींनी मिळून एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचे निरीक्षण केले. त्यातून निघालेली माहिती सुमारे ५ पेटाबाइट होती. एवढी माहिती इंटरनेटवरून पाठवण्यापेक्षा हार्ड डिस्क विमानाने नेणे सोपे होते, म्हणून सुमारे अर्धा टन डिस्क अमेरिकेतल्या एमआयटीच्या हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीतल्या बॉनमध्ये नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तिथला हिवाळा संपून विमाने सुरू होईपर्यंत, म्हणजे वर्षअखेरपर्यंत, अडकून पडल्या. १० एप्रिल २०१९ रोजी जगाने पाहिलेले कृष्णविवराचे छायाचित्र या डिस्क सुखरूप पोचल्यामुळेच शक्य झाले. दुर्बिणी उंच पर्वतांवर असल्यामुळे तिथे हेलियम भरून बंद केलेल्या डिस्क वापरल्या होत्या. विरळ हवेत साधी डिस्क का चालत नाही, ते पुढे येतेच.

नेमके काय बिघडते

पहिला शत्रू आदळणे. हलक्या खोक्यांच्या चाचणीत खोका ७६ सेंटीमीटरवरून, म्हणजे माणसाच्या कमरेच्या थोडे खालून, टाकून पाहतात. तेवढ्या उंचीवरून पडलेली वस्तू सेकंदाला सुमारे ३.९ मीटर वेगाने जमिनीला लागते. तिला बसणारा दणका थांबायला किती जागा मिळते यावर ठरतो. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, असा तो ढोबळ हिशेब. फोम अडीच सेंटीमीटर दबला तर दणका गुरुत्वाकर्षणाच्या तिसेक पट. कडक पुठ्ठा एक मिलिमीटर दबला तर साडेसातशे पट. बंद असलेली साडेतीन इंची हार्ड डिस्क सहसा २५० ते ३०० पट दणका सोसते, एसएसडी दीड हजार पटही. म्हणजे त्याच उंचीवरून पडलेल्या दोन खोक्यांपैकी एकातली डिस्क वाचते आणि दुसऱ्यातली मरते, फरक फक्त दोन-अडीच सेंटीमीटर मऊ जागेचा. मात्र ही जागा खरोखर दबणारी हवी. पाच सेंटीमीटरचा फोम शेवटपर्यंत दबत नाही, फार तर निम्मा दबतो आणि पुढे दगडासारखा होतो.

दुसरा शत्रू कंपन. उरण-पनवेल रस्त्यावरून टेम्पोत गेलेला संगणक विमानतळावर पोचण्याआधीच तासभर थरथरलेला असतो. नंतर सामानाचे पट्टे, ट्रॉली, विमानाचे इंजिन. कंपनाने स्क्रू सैल होतात, रॅम खाचेतून किंचित वर येते, केबल निघते. सर्वांत धोक्यात असते ते ग्राफिक्स कार्ड. दीड-दोन किलोंचे हे कार्ड मदरबोर्डच्या एका खाचेवर आडवे लोंबकळत असते. घरी टेबलावर ते वर्षानुवर्षे टिकते, पण प्रवासात पाच-सहा दणक्यांत खाच उखडून मदरबोर्ड निकामी करू शकते. प्रोसेसरवरचे मोठे हवेचे कूलरही असेच.

तिसरा शत्रू स्थिर वीज. माणसाला झटका जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढे, पण काही चिप शंभर-दोनशे व्होल्टनेही दुखावतात. म्हणजे हाताला काही कळले नाही तरी चिप गेलेली असू शकते. विमानाच्या कोरड्या हवेत आणि साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ही वीज सहज साठते. म्हणून सुटे कार्ड, रॅम, मदरबोर्ड यांना चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीच हवी. बबल रॅप तिच्या बाहेर.

चौथा शत्रू दमट हवा, आणि तो कोकणाचा खास. करंजा खाडीकाठची पावसाळी हवा सुमारे २५ अंशांना दव धरते. विमानाच्या पोटात थंड झालेली वस्तू अशा हवेत उघडली की पाणी बाहेरच्या पत्र्यावरही धरते आणि आत सर्किटवरही. लगेच वीज जोडली तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. उपाय फुकटचा आहे. खोका घरात बंदच ठेवा, चार-सहा तास, शक्यतो रात्रभर. सिलिका जेलच्या पुड्या आत टाकल्या तर चांगलेच, पण त्या वाट पाहण्याची जागा घेत नाहीत.

काही भीती मात्र निराधार आहेत. विमानाच्या पोटात हवेचा दाब नसतो असा समज आहे. प्रवासी विमानाच्या मालकक्षात प्रवासी कक्षाइतकाच दाब असतो. तो समुद्रसपाटीइतका नसतो, फार तर ८ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका, नव्या ७८७ आणि ए-३५० विमानांत ६ हजार फुटांइतका. साध्या हार्ड डिस्क चालू स्थितीत साधारण १० हजार फुटांपर्यंत आणि बंद स्थितीत ४० हजार फुटांपर्यंत चालतील अशा बनवलेल्या असतात. डिस्कचे वाचक टोक पातळ हवेच्या थरावर काही नॅनोमीटर उंच तरंगते, म्हणून चालू डिस्कला पुरेशी हवा लागते. बंद डिस्कला विमानात धोका नाही. सुरक्षा तपासणीच्या एक्स-रेनेही डिस्कवरची माहिती पुसली जात नाही.

बॅटरी : इथे नियम कडक आहेत, आणि रास्त आहेत

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून उडालेले यूपीएस या कुरिअर कंपनीचे ७४७ मालवाहू विमान आग लागून कोसळले आणि दोन्ही वैमानिक दगावले. विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. अशा घटनांनंतर १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यावर जगभर बंदी आली आणि मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांहून जास्त चार्ज असू नयेत असे ठरले.

प्रवाशासाठीचे नियम याच विचारातून आले. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी उपकरणात असो वा सुटी, नेता येते. १०० ते १६० वॉट-तासांना विमान कंपनीची परवानगी लागते आणि सुट्या दोनच. १६० च्या वर बंदी. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. बॅटरीवर मिलिअँपिअर-तासच लिहिले असतील तर त्याला हजाराने भागून व्होल्टने गुणायचे. २० हजार मिलिअँपिअर-तासांची ३.७ व्होल्टची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची, २७ हजारांची जवळपास शंभराची. आकडा पुसलेली पॉवर बँक तपासनीस काढून घेऊ शकतो, वाद घालून उपयोग नाही.

केबिनच का? तिथे धूर दिसतो, विझवायला माणूस असतो. पोटातल्या बंद बॅगेत आग लागली तर ती पसरेपर्यंत कळत नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणाआधी पेटले. त्यानंतर त्या देशाने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यावर निर्बंध आणले. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवाशाला एकच पॉवर बँक आणि तीही उड्डाणात न वापरण्याच्या अटीवर ठेवली. भारतात ऑगस्ट २०१९ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) सदोष बॅटरीमुळे परत मागवलेले १५ इंची मॅकबुक प्रो विमानात नेऊ नका असे सांगितले होते. ही यंत्रे सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात विकलेली होती. जुना लॅपटॉप घेऊन निघणाऱ्याने आपले मॉडेल परत मागवलेल्यांच्या यादीत नाही ना हे पाहून घ्यावे. पोट फुगलेली बॅटरी तर विमानात चढवूच नये.

आखातमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांना २०१७ चा उन्हाळा आठवत असेल. २१ मार्च २०१७ रोजी अमेरिकेने दुबई, अबुधाबी, दोहासह दहा विमानतळांवरून येणाऱ्या विमानांत फोनपेक्षा मोठी उपकरणे केबिनमध्ये न्यायला बंदी केली. मुंबईहून दुबईमार्गे न्यूयॉर्कला निघालेल्यांचे लॅपटॉप दुबईच्या गेटवर काढून, कंपनीने दिलेल्या खोक्यात भरून पोटात गेले. जुलैत बंदी उठली. पण त्या चार महिन्यांनी दाखवून दिले की ‘लॅपटॉप हातातच राहील’ हे गृहीत धरता येत नाही. आजही केबिन भरली की दारावर बॅग काढून घेतात. लॅपटॉपला आतली मऊ पिशवी असावी आणि यंत्र पूर्ण बंद करता यावे. झोपवलेले चालत नाही. बॅग पोटात जाणार असेल तर पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या आधी बाहेर काढाव्यात.

वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणारा घरचा यूपीएस नेऊ नका. त्यातली शिशाची बॅटरी जड असते आणि तपासणीत प्रश्न उभे करते. मदरबोर्डवरच्या बटणाएवढ्या बॅटरीला मात्र कोणी हरकत घेत नाही.

चार वाटा

हातातली बॅग ही सर्वांत सुरक्षित वाट, पण सर्वांत अरुंद. इकॉनॉमीत सात-आठ किलो. तिथे लॅपटॉप, हार्ड डिस्क, एसएसडी, प्रोसेसर, रॅम आणि शक्य असेल तर ग्राफिक्स कार्ड. डेस्कटॉपच्या किमतीचा मोठा भाग या यादीतच असतो आणि तो एका पाठपिशवीत मावतो. तपासणीच्या पट्ट्यावर सुटे कार्ड बाहेर काढायला सांगतात, म्हणून पिशवी सहज उघडेल अशी भरावी आणि बिल सोबत ठेवावे. फार मोलाच्या वस्तूसाठी शेजारचे आसन विकत घेण्याची सोयही बऱ्याच कंपन्या देतात. चेलो वाजवणारे कलाकार वर्षानुवर्षे तेच करतात.

चेक-इन ही दुसरी वाट. तिची अडचण मापाची. एकूण लांबी-रुंदी-उंची १५८ सेंटीमीटर आणि वजन बहुधा २३ किलो, उचलणाऱ्यांच्या पाठीसाठी कमाल ३२. साधारण ४५ बाय २१ बाय ४६ सेंटीमीटरच्या कॅबिनेटला सर्व बाजूंनी सात सेंटीमीटर फोम दिला की खोका ५९ बाय ३५ बाय ६० होतो. बेरीज १५४. म्हणजे मध्यम कॅबिनेट नीट पॅक केले तर नियमात जेमतेम बसते. त्याहून मोठे कॅबिनेट असेल तर फोम कमी करण्याचा मोह होतो, आणि चूक तिथेच घडते. फोम कमी करण्यापेक्षा कॅबिनेटच घरी ठेवावे.

तिसरी वाट एअर कार्गो किंवा कुरिअर. इथे वजनाचा हिशेब आकारमानाने होतो. सेंटीमीटरमधली तिन्ही मापे गुणून सहा हजाराने भागायचे, कुरिअरवाले बहुधा पाच हजाराने. वरचाच खोका सहा हजारांच्या हिशेबाने पावणेएकवीस किलो भरतो, आतले यंत्र बारा किलोंचे असले तरी. म्हणजे फोमचेही भाडे भरावे लागते. व्यावसायिक माल पाठवणारे लाकडी पॅलेट वापरतात. त्या लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवल्याचा आयएसपीएम-१५ चा शिक्का नसेल तर परदेशी बंदरात पूर्ण खेप अडते. द्रोणागिरीच्या गोदामांतल्या लोकांना हे पाठ असते, पहिल्यांदा पाठवणाऱ्या स्टार्टअपला नसते. खोक्यावर धक्का बसला की रंग बदलणारी चिकटपट्टी लावतात. ती दणका रोखत नाही, पण दणका बसल्याचा पुरावा देते आणि उचलणाऱ्यालाही थोडा धाक राहतो.

चौथी वाट म्हणजे न नेणे. मॉनिटर, कॅबिनेट, कूलर, पॉवर सप्लाय जगात सगळीकडे मिळतात. मॉनिटरचा काठ आणि काच प्रवासात सर्वांत आधी जाते, आणि त्याला लागणारा खोका १५८ च्या मापात बहुधा बसत नाही. अमेरिकेत ११०–१२० व्होल्ट वीज आहे. नवे पॉवर सप्लाय दोन्ही चालवतात, जुन्यावर मागे लाल बटण असते आणि ते न बदलता लावले तर यंत्र चालू होत नाही. बऱ्याच सुट्या भागांची हमी विकलेल्या देशापुरतीच असते हेही हिशेबात धरावे.

भरायचे कसे

आधी माहितीची प्रत. यंत्र हरवले तर दुसरे घेता येते, पण पीएचडीचा मजकूर बाजारात मिळत नाही. एक प्रत सोबत, एक घरी, एक इंटरनेटवर. डिस्क कूटबद्ध करावी, म्हणजे चोरी झाली तरी बँकेची आणि घरची माहिती उघडी पडत नाही.

मग ग्राफिक्स कार्ड आणि मोठा कूलर काढा. काढता येत नसेल तर आतली रिकामी जागा अँटिस्टॅटिक पिशवीत गुंडाळलेल्या मऊ फोमने भरा. कोणताही भाग हलता कामा नये. पाण्याने थंड करणारी स्वतः जोडलेली नळी-व्यवस्था असेल तर ती पूर्ण रिकामी करा. काचेचा दरवाजा काढून वेगळा गुंडाळा. केबलची छायाचित्रे काढून ठेवा.

खोका दुहेरी असावा. आतल्या आणि बाहेरच्या खोक्यात सर्व बाजूंनी पाच-सात सेंटीमीटर फोम, कोपऱ्यांवर जास्त, कारण खोका बहुधा कोपऱ्यावरच पडतो. थर्माकोलचे सुटे दाणे टाळा. कंपनाने ते बाजूला सरकतात आणि जड यंत्र तळाला जाऊन बसते. यंत्राबरोबर आलेला मूळ खोका जपून ठेवला असेल तर त्याहून चांगले काही नाही, फक्त तो दुसऱ्या खोक्यात घाला. बंद झाल्यावर खोका हलवून पाहा. आत काही वाजले तर पुन्हा उघडा.

‘नाजूक’ची चिठ्ठी लावा, पण तिच्यावर विसंबू नका. खोका यंत्राच्या पट्ट्यावरून जातो आणि पट्ट्याला वाचता येत नाही. सिटा या संस्थेच्या अहवालानुसार २०२४ साली दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगा उशिरा पोचल्या, हरवल्या किंवा खराब झाल्या, आणि त्यांतल्या सुमारे १८ टक्के फुटल्या किंवा चोरीस गेल्या. बहुतांश बॅगा नीट पोचतात हे खरे, पण आपला खोका त्या बहुतांशात असेल असे धरून भरू नये.

तुटले तर कोण भरून देते

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत २००९ पासून त्यात आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून बॅगेच्या नुकसानीची कमाल भरपाई प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक), म्हणजे रुपयांत पावणेदोन लाखांच्या आसपास. ही कमाल आहे, हमी नाही. कंपन्यांच्या प्रवास-अटींत संगणक आणि नाजूक वस्तू चेक-इनमध्ये ठेवू नयेत असे लिहिलेले असते आणि दावा केला की ते कलम पुढे येते. काउंटरवर नाजूक वस्तूसाठी ‘जबाबदारी मर्यादित’ असा टॅग लावून सही घेतात. सही करण्याआधी ती कशावर आहे ते वाचा.

कार्गोचे गणित वेगळे आहे. तिथे मर्यादा किलोमागे २६ एसडीआर. पॅकिंगसह सोळा किलोंच्या डेस्कटॉपला ४१६ एसडीआर, साधारण पन्नास हजार रुपये. १७० किलोंच्या सर्व्हरला पाच लाखांच्या घरात, यंत्राची किंमत मात्र कोटींत. शिवाय पॅकिंग सदोष असल्याचे सिद्ध झाले तर करारातले कलम १८ कार्गो नेणाऱ्याला मोकळे सोडते. म्हणून मूल्य आधी जाहीर करून जादा शुल्क भरावे किंवा वेगळा विमा घ्यावा. विमाही अपुऱ्या पॅकिंगचे नुकसान देत नाही. म्हणजे फोम वाचवला तर भरपाईची आशाही सोडावी लागते.

मुदती लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांत, कार्गोची १४ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत, आणि न्यायालयात दावा दोन वर्षांत. सर्वांत चांगली तक्रार विमानतळ सोडण्याआधी केलेली. भरण्याआधीची, भरतानाची आणि उघडतानाची छायाचित्रे दाव्याचा कणा असतात.

कस्टम : येता-जाता दोन्हीकडे

इथून महाग उपकरण घेऊन जाणारा आणि तेच परत आणणारा माणूस एक साधा कागद विसरतो. निघताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेता येते. त्यावर अनुक्रमांक असतो, आणि परतताना हे यंत्र इथलेच होते हे सिद्ध होते. प्रदर्शन किंवा प्रयोगासाठी यंत्र तात्पुरते नेऊन परत आणायचे असेल तर एटीए कार्नेट हा वर्षभर चालणारा कागद आहे. भारतात तो फिक्की देते. दोन्ही देशांत शुल्क न भरता यंत्र फिरवता येते.

परदेशातून येताना १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. इतर सामानाची मर्यादा २०१६ च्या बॅगेज नियमांत ५० हजार रुपये होती. ही मर्यादा आणि तिच्या वरचा दर सरकार बदलते, म्हणून निघण्याआधी त्या वर्षीचा नियम पाहावा. दुसरा लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड आणि सुटे भाग या मर्यादेत मोजले जातात. लाल मार्गिकेतून जाऊन बिल दाखवणे हा वेळखाऊ पण स्वस्त मार्ग आहे.

व्यापारी आयातीला आणखी एक पदर आहे. ३ ऑगस्ट २०२३ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने (डीजीएफटी) लॅपटॉप, टॅबलेट आणि सर्व्हरच्या आयातीवर परवान्याचे बंधन जाहीर केले. बाजारात धावपळ उडाली, मुदत वाढली आणि नंतर ऑनलाइन नोंदणीने परवानगी देण्याची पद्धत आली. प्रवाशाची बॅग त्यातून वगळली होती. चाचणी, दुरुस्ती आणि संशोधनासाठी एका खेपेत वीस नगांची सूटही ठेवली. छोट्या कंपन्यांना ही सूट माहीत असणे लाखमोलाचे आहे.

उणीव कुठे आहे

सगळे जोडून पाहिले तर तंत्राची बाजू भक्कम आहे. दणका, वीज, दमटपणा यांचे उपाय स्वस्त आणि सिद्ध आहेत. बॅटरीचे नियम कडक आणि स्पष्ट आहेत. कच्ची बाजू आहे ती माहिती पोचण्याची. एक्स्पोर्ट सर्टिफिकेट कुठल्या खिडकीवर मिळते, नाजूक खोका मोठ्या सामानाच्या काउंटरवर देता येतो का, हे प्रवाशाला रांगेत उभे राहिल्यावर कळते. नव्या विमानतळाने ही माहिती मराठीत, तिकीट काढतानाच आणि प्रवेशद्वारावर द्यायला हवी. द्रोणागिरी-उरण पट्ट्यातल्या गोदामवाल्यांनाही इथे धंदा आहे. आज ते कंटेनरचा माल भरतात. उद्या विमानाने जाणाऱ्या एकेका सर्व्हरचे, एकेका डेस्कटॉपचे मापाचे पॅकिंग करून देणारे दुकान या भागात सहज चालेल.

तोपर्यंत प्रवाशाने स्वतःपुरता निकाल असा लावावा. मेंदू आणि स्मृती, म्हणजे प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि लॅपटॉप, हातात. ग्राफिक्स कार्ड जमल्यास हातात, नाहीतर कॅबिनेटमधून काढून वेगळ्या खोक्यात. कॅबिनेट आणि मॉनिटर इथेच विकून तिथे नवे घ्यावे. अख्खा डेस्कटॉप पोटात टाकणे हा शेवटचा पर्याय, आणि तो निवडलाच तर सात सेंटीमीटर फोमला काट मारू नये. बिल, अनुक्रमांक आणि छायाचित्रे फोनमध्ये ठेवा, माहितीची एक प्रत घरी ठेवा, आणि मगच खोक्याला चिकटपट्टी लावा.